मी, वैनी आणि पुण्याची सहल

मी जळकी आहे, हे आमच्या घरात मला चालता येऊ लागलं तेव्हाच ठरून गेलं होतं. शेजारणीचं तान्हं पोर आईने मांडीवर घेतलं की मी चुलीतली राख मुठीने आणून त्याच्या डोक्यावर घालायचे, असं आई सांगे. खरं-खोटं तीच जाणे. पण कुणाला गाण्याचं अंग असतं, कुणाला शिवणकामाचं, तसं मला हे होतं आणि मी ते कधी झाकून ठेवलं नाही. आता साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी हे अंग शाबूत आहे. परवा नातीने शाळेतला नंबर सांगायला आधी तिच्या दुसऱ्या आजीला व्हिडिओ कॉल लावला, तर मला जेवण गेलं नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही पण ना." मी म्हटलं, हो, मी पण.

कर्जतहून कळंबला जाताना रस्ता सोडून बांधावरून आत गेलं की आमचं घर लागे. आता तिथे शेजारच्या शेतात रिसॉर्ट झालंय आणि शनिवार-रविवारी त्यांची गाणी आमच्या माजघरापर्यंत येतात. तेव्हा सकाळ व्हायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. तांदळाच्या उकडीची भाकरी परातीत थापताना मऊ, ओलसर आवाज येतो. तो ऐकत मी अंथरुणात पडून राहायचे. मग गोठ्यातून बाबांची हाक यायची, "ए म्हादू!" म्हादू म्हणजे माझा दादा, महादेव. तो तेव्हा रसायनीच्या कारखान्यात कामाला आणि मोहोपाड्याला खोली घेऊन राहिलेला. घरात नसलेल्या मुलाला बाबा रोज हाका मारत आणि आई चुलीपुढून "आले" म्हणून उठे. बाबांनी जन्मात आईचं नाव घेतलं नाही. आमच्याकडच्या कुठल्याच पुरुषाने त्या काळी घेतलं नाही. थोरल्या पोराच्या नावाने बायकोला हाक मारायची, हा सगळ्या गावचा रिवाज होता आणि त्यात कुणाला हसू येत नसे.

दादा आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. कळंबला एसटीतून उतरून तो बांधावर आला की तिथूनच ओरडायचा, "शोभेऽ!" मी हातातलं टाकून पळत सुटायचे आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून घ्यायचे. त्याच्या शर्टाला कारखान्यातल्या औषधांचा उग्र वास यायचा. आई तो शर्ट अंगणातच काढायला लावी. मला मात्र तो वास आवडायचा, कारण तो वास आला म्हणजे दादा आला. पिशवीत गोडी शेव असे, कधी केसांची रिबीन असे, आणि एकदा तर शाईचं पेन होतं. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. मधली दोन भावंडं जगली नाहीत, त्यामुळे आमच्यामध्ये कुणी नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटे. दहावी झाली की शोभेने मोहोपाड्याला यायचं, दादाच्या खोलीत राहायचं, त्याला दोन वेळचं करून घालायचं आणि तिथल्या कॉलेजात जायचं, असं आमचं ठरलं होतं. दादा म्हणाला होता, आईने मान हलवली होती, बाबा काही बोलले नव्हते. बाबा बोलले नाहीत म्हणजे हो, हे आम्हांला ठाऊक होतं.

दहावीची परीक्षा झाली आणि त्याच वैशाखात दादाचं लग्न झालं. मुलगी घाटावरची, कामशेतकडची. नाव सविता. रंगाने सावळी, हाताला बळकट, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी हळूच हसणारी. आल्या दिवसापासून ती मला "वन्सं" म्हणू लागली. दोन वेण्या घालणाऱ्या मुलीला कुणी वन्सं म्हटलं की ती आतून ताठ होते, तशी मी झाले, पण त्याने माझं मन वळलं नाही. तिची पहिली तांदळाची भाकरी तव्यावर टाकताच फाटली आणि तिचे तीन तुकडे झाले, तेव्हा मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी विहिरीवर गेले. आमच्या मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, "घाटावरची पोर, तिला भात तरी शिजवता येतो का गं?" वैनी म्हणाली, "शिकंन की, मावशी. तुमी शिकवा." मावशीला हे उत्तर आवडलं. मला नाही आवडलं.

खरा प्रश्न मोहोपाड्याच्या खोलीचा होता. खोली एकच. त्यात मी राहणार की वैनी, हे कुणी बोलत नव्हतं. नव्या सुनेने पहिलं वर्ष सासूच्या हाताखाली काढावं, सणवार इथेच करावेत, असं आईचं मत. त्या हिशेबाने मी जाणार होते. पण दादा आता सुट्टीवरून परत जाताना बांधावर रेंगाळायचा, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा. आईला ते दिसत होतं. मी विषय काढला की ती म्हणे, "निकाल तर लागू दे तुजा, मग बघू." मला जीव नकोसा व्हायचा. कॉलेज हवं होतंच, पण दादाबरोबर राहणं त्याहून जास्त हवं होतं. त्यातल्या त्यात एकच समाधान होतं. दादा घरी आला की अजूनही बांधावरून माझ्याच नावाने ओरडायचा. घरातही दिवसभर "शोभे, पाणी आण," "शोभे, पिशवी कुठं ठेवली?" असं चालायचं. वैनीचं नाव त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. मी ते मनातल्या मनात वैनीला ऐकवत असे.

अशात दादाच्या कंपनीची सहल निघाली. एक दिवसाची, रेल्वेने, पुण्याला. सोबत माहिती सांगणारा गाईड, आणि प्रत्येक कामगाराने घरची दोन माणसं न्यायची. बाबा म्हणाले, "मला काय करायचंय पुन्याचं?" आईला म्हशी सोडवत नव्हत्या. तिने सरळ सांगून टाकलं, "शोभेला आन सवीला ने." मला वाटलं होतं दादा निदान एकदा तरी म्हणेल, की शोभेला नेतो. तो नुसता "बरं" म्हणाला. वैनी त्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होती. पुणं तिच्या माहेरच्या अंगाला, एवढं मला कळत होतं, आणि माझ्या सहलीत तिचं माहेर आडवं आलं म्हणून मी आणखी जळत होते.

आईने पहाटे डबा बांधला. भाकऱ्या, सुकटीची कोरडी चटणी आणि कच्च्या आंब्याचं लोणचं. पहिल्या एसटीने आम्ही कर्जतला आलो. कंपनीची माणसं मोहोपाड्याहून बसने आली होती. बायका नटून आलेल्या, पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत एकमेकांना ओळखू न आल्यासारखे हसत होते. गाईड म्हणजे इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक काटकुळे गृहस्थ निघाले. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात त्यांच्या हातात मिटलेली हिरवी छत्री होती. ती उंच धरून ते म्हणाले, "ही छत्री दिसेल तिकडे यायचं. एक वाजता सारसबागेत जेवण. जो मागे राहील, तो मागे राहील." लोक हसले. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत.

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी बराच वेळ उभी राहते, हे आमच्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असतं. घाट चढायचा म्हणून मागून ढकलणारी इंजिनं लावतात. ती येऊन टेकतात, डब्याला एक धक्का बसतो, मग गार्ड शिट्टी मारतो. तोवर माणसं उतरून वडे खातात, पाणी भरतात, ओळखीच्याशी गप्पा मारतात आणि तो धक्का बसला की सावकाश चढतात. आम्ही या धक्क्यावर वाढलेली माणसं. दादानेही वडे आणले. पहिला त्याने माझ्या हातात दिला, म्हणून मी क्षणभर खूश झाले. मग पाहिलं तर खिडकीत वैनी बसली होती आणि दादा तिच्या समोर. मला त्याने आपल्या शेजारी घेतलं होतं खरं, पण त्याचे गुडघे आणि वैनीचे गुडघे यांच्यात गाडी हलली की अंतर राहत नव्हतं. बोगदा आला की सगळा डबा ओरडायचा. मी ओरडत नव्हते. अंधारात मी कान देऊन होते, आणि बांगड्या किणकिणल्या की कुणाच्या, ते मला कळत होतं.

घाट निम्मा चढला आणि वैनीने पदर तोंडाला लावला. डोळे खाली, मान खिडकीकडे. दादा घाबरा झाला. "घाट लागला काय? मळमळतंय काय?" हे तो मला विचारत होता, बघत होता तिच्याकडे. मी म्हटलं, "मला कसं ठाऊक?" लोणावळं आलं तसा तो उठला. "लिंबू घेऊन येतो. हुंगलं की बरं वाटंल." शेजारचा एक जण म्हणाला, "गाडी सुटंल रं." दादा दारातून म्हणाला, "इंजिनं काढायची हायत अजून. लावायला एवढा वेळ जातो, तर काढायला नाय जायचा?" हे म्हणणं डब्यातल्या सगळ्या कर्जतकरांना पटलं. कुणीही दुसरं काही म्हटलं नसतं. पण इंजिनं काढायला वेळ लागतच नाही. ती मागच्या मागे सुटतात, धक्का बसत नाही आणि गाडी चालू लागते. मी खिडकीतून पाहिलं तर दादा प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला पैसे देत होता आणि आमची गाडी निघाली होती. तो पळाला. आमच्या डब्याच्या दारातल्या माणसांनी हात पुढे केले. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो मागे पडला.

गाईड सर छत्री काखेत मारून आले. काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक कमी. बाकीच्यांनी बसून घ्या." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त. आजवर माझ्यासाठी दादा कधी गाडीतून उतरला नव्हता. मला गोवर निघाली होती तेव्हासुद्धा औषध बाबांनी आणलं होतं. आणि ही येऊन पुरता महिना झाला नाही, तर हिच्या मळमळीसाठी माणूस स्टेशनात राहिला. गोंधळात वैनी उठून दाराकडे गेली होती. तेवढ्यात मी तिची खिडकीची जागा घेतली आणि ती परत आली तरी सोडली नाही. ती माझ्या शेजारी बसली.

थोड्या वेळाने ती माझ्या अंगावरून एकदम खिडकीकडे वाकली. तिचा हात गजांतून बाहेर गेला. कामशेत येत होतं. आमची गाडी तिथे थांबत नव्हती. फाटकापाशी एक म्हातारा माणूस बैल धरून उभा होता आणि दुसऱ्या हाताने डोक्याचं मुंडासं काढून ते हवेत हलवत होता. त्याला कुठला डबा आपला हे माहीत नव्हतं, म्हणून तो सगळ्याच गाडीला हलवत होता. "आबा हायेत माजे. निरोप धाडला व्हता मी," वैनी म्हणाली. क्षणात फाटक मागे गेलं. मग तिने तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "मला घाट न्हाई लागत, वन्सं. घाटातच वाढले मी. आबा दिसतील का न्हाई, म्हणून जीव वर-खाली होत होता." मला तेव्हा काय वाटलं, ते सांगते. तिची दया आली नाही. मला वाटलं, नुसती गाडी जाणार म्हणून हिच्यासाठी एक माणूस फाटकात बैल घेऊन उभा राहतो आणि दुसरा लिंबासाठी गाडी सोडतो. माझ्यासाठी कोण कुठे उभं होतं?

पुण्याला उतरल्यावर मी स्टेशनातच बसून राहायचं ठरवलं. दादा मागच्या गाडीने येईल, आम्ही दिसलो नाही तर घाबरेल, असं मी गाईडना म्हटलं. ते म्हणाले, "मुली, मला पेशवाई दाखवायची आहे. प्लॅटफॉर्म नाही." वैनी माझ्या हाताला धरून म्हणाली, "चला. जेवायची जागा त्यांनी ऐकलीया. भूक लागली की येतील." दादाला तिने माझ्याहून जास्त ओळखावं हे मला सहन होईना. पण तिचंच खरं होतं, हेही दिसत होतं. मी हात सोडवून घेतला आणि हिरव्या छत्रीच्या मागे चालू लागले.

त्या सकाळी मी लाल महाल पाहिला आणि शनिवारवाडा पाहिला, असं म्हणायचं. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे मला आठवतात, कारण हत्तीने धडक मारू नये म्हणून ते ठोकलेत असं सर म्हणाले आणि मला वाटलं, आपल्या घराच्या दाराला असे खिळे वैशाखाआधी हवे होते. आत नुसते चौथरे. कुठला महाल कुठे होता, कुणी कुणाला मारलं, कोण कुणाच्या वाईटावर होतं, हे सर छत्रीच्या टोकाने दाखवत होते. घरातल्याच माणसांनी घर कसं बुडवलं याची ती सगळी हकिगत बायका तोंडाला हात लावून ऐकत होत्या. मला त्यात नवल वाटलं नाही. वैनी मधूनच माझ्याकडे पाण्याची बाटली धरायची. तहान लागली होती तरी मी नको म्हणत होते. तिसऱ्यांदा मात्र घेतली.

सारसबागेत झाडाखाली सगळे जेवायला बसले. वैनीने आमचा डबा उघडला आणि दचकली. "वन्सं, ह्यात कोळसा पडलाय." सुकटीच्या चटणीवर आईने कोळशाचा खडा ठेवला होता. वाटेत कुणाबिणाची नजर, वारं-वावदान लागू नये म्हणून वशाट, म्हणजे मासळी-मटण, बांधताना आमच्याकडे असा ठेवतात. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि मोठ्या बाईसारखं समजावून सांगितलं. सुकटीचा वास सुटला तसे गाईड सर आपली पोळीभाजी घेऊन पलीकडच्या झाडाखाली गेले. वैनी हसू लागली आणि तिच्याबरोबर मलाही हसू आलं. मग तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली आणि खाली बघत म्हणाली, "एक बोलू का? मोहोपाड्याला तुमीच जावा. मी आत्याबाईंजवळ ऱ्हाते. येका खोलीत दिसभर मी काय करू? शेत न्हाई, गुरं न्हाई. आणि तुमचं शिक्षान हाय." मी विचारलं, "दादाला सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगंन की."

घास माझ्या हातात तसाच राहिला. महिनाभर जिच्यासाठी मी झुरले ती खोली तिने लोणच्याच्या फोडीसारखी माझ्या पानात वाढली होती. मला आनंद झाला. अगदी खरा झाला, आणि तेवढ्यापुरती वैनी मला बरी वाटली. तेवढ्यात बागेच्या फाटकातून ओळखीची हाक आली, "शोभेऽ!" दादा होता. लोकलने आला होता. एका पायात तुटकी चप्पल फरफटत, घामाने डबडबलेला. मी डाव्या हाताने ओढणी सावरत उठले. आणि त्याच वेळी माझ्या शेजारी वैनी उठली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, उष्टा हात मागे धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आले."

चुलीपुढून उठताना आई म्हणायची तसंच ती म्हणाली. दादा माझ्या अंगावरून पुढे गेला. मुठीतलं लिंबू त्याने तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "आता बरं वाटतंय का?" लोणावळ्यापासून तो ते मुठीत धरून आला होता. लिंबू कोमट झालं असणार. मी दोघांच्या मधोमध उभी होते, तरी त्यांना एकमेकांशी बोलायला माझी अडचण होत नव्हती.

मला तेव्हा आठवलं की दादा जन्मायच्या आधी बाबा आईला काय म्हणून हाक मारत, हे मी एकदा आईला विचारलं होतं. आई लाजून म्हणाली होती, "तुज्या आत्याच्या नावानं." म्हणजे पोर होईपर्यंत घरातल्या धाकट्या बहिणीचं नाव चालतं. मी महिनाभर मिरवत होते ते हेच. "शोभे, पाणी आण" म्हणून हाक आली की मी तांब्या घेऊन धावायचे आणि दादा तांब्या घेताना माझ्या मागे दाराकडे बघायचा; मला वाटायचं, दमलाय. "शोभे, पिशवी कुठं ठेवली?" पिशवी समोर खुंटीला असायची. वैनीला पहिल्या दिवसापासून ते कळत होतं. मी आधी धावायचे म्हणून ती बिचारी आतच थांबायची. हे बिचारी वगैरे मी आता लिहितेय. त्या वेळी मला त्या दोघांनी मिळून माझं नाव चोरलं असंच वाटलं, आणि अजूनही मला ते फारसं चुकीचं वाटत नाही.

दुपारी पर्वती चढलो. ती दोघं मागे रेंगाळत होती, म्हणून मी सगळ्यांच्या पुढे, गाईड सरांच्या छत्रीला चिकटून चालले. सरांना वाटलं मला इतिहासाची गोडी लागली. ते बाकीच्यांना म्हणाले, "बघा, ही मुलगी कशी लक्ष देऊन ऐकते." वर एक खिडकी दाखवून ते म्हणाले, इथे उभं राहून शेवटच्या पेशव्याने खडकीची लढाई पाहिली, आपलं सैन्य हरताना. सगळे त्या खिडकीतून पाहू लागले. मी खाली पायऱ्यांकडे पाहिलं. वैनी पायरीवर बसली होती आणि दादा तिच्याच केसांतला एक आकडा काढून त्याने चपलेचा अंगठा जुळवत होता. पेशव्यांना काय वाटलं असेल ते मला कुणी सांगायला नको होतं. तिथेच माझं ठरलं. हाक तिची, तर खोली माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला सगळे ओटीवर होतो. वैनीने शब्द पाळला. ती आईला म्हणाली, "आत्याबाई, मोहोपाड्याला वन्संनाच धाडा. त्यांचं कालीज हाय." दादा बशीत फुंकर मारत होता. तो थांबला, बशीत बघतच म्हणाला, "आई म्हनंल तसं." आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग वैनीकडे, मग माझ्याकडे बराच वेळ. "तू सांग शोभे. तुला जायचंय का?" माझ्या तोंडून "वैनीला जाऊ दे" असं यावं, म्हणून ती थांबली होती. बाबासुद्धा विडी विझवून थांबले होते. वाचणाऱ्यालाही वाटत असेल की आता मी तसं म्हणाले असेन. मी म्हणाले, "हो. मी जाते."

दोन वर्षं मी मोहोपाड्याला राहिले. कारखान्याचा भोंगा, खिडकीतून येणारा औषधांचा वास, वाऱ्यावर पाताळगंगेच्या बाजूने येणारी धूळ, सगळं मनासारखं होतं. शिकले, पुढे नोकरीला लागले, ते त्या खोलीच्या जोरावर. दादा पाळीवरून यायचा, चपला काढायचा, मी वाढायचे. तो मला कधी उणा शब्द बोलला नाही. मात्र त्या खोलीत त्याने एकदाही मला हाक मारली नाही. समोरच बसलेल्या माणसाला हाक कशाला लागते? सुट्टी आली की तो पहिल्या गाडीने गावी पळायचा आणि माझा अभ्यास असला तर मी मागे राहायचे. गावाकडच्या बातम्या त्याच्याकडून कळायच्या. वैनीने लावणीत कुणाला मागे टाकलं, वैनीने अडलेल्या म्हशीचं पारडू कसं सोडवलं. आईला ताप आला तेव्हा वैनी रात्रंदिवस उशाशी होती, हेही त्याने सांगितलं. आईला ताप आला होता हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पाऊस सरल्यावर आई एकदा एकटीच मोहोपाड्याला आली. येताना तिने स्टीलच्या डब्यात वालाचं बिरडं आणलं होतं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात एकेक दाणा सोलायचा. डबाभर बिरड्यासाठी बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. मी झाकण उघडलं, वास घेतला आणि मला आईचा हात हातात घ्यावासा वाटला. मी म्हटलं, "आई, माझ्यासाठी कशाला एवढं सोलत बसलीस?"

आई पदराने वारा घेत होती. ती सहज म्हणाली, "सवीला लय आवडतं गं. तिच्यासाठी केलंवतं. म्हटलं, तुलाबी वाईच न्यावं."

आई गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि डबा पुसून एकटीने खाल्ला. दादालासुद्धा ठेवला नाही.